लहरींचे ग्राहक की यंत्रांचे गिऱ्हाईक?

विज्ञानाची वार्ता आमच्या घरी बहुधा दोनच वेषांत येते. एक चमत्काराच्या आणि दुसरी खरेदीच्या. परदेशात कोणी कृष्णविवराची प्रतिमा टिपली की आम्ही तोंडात बोट घालतो; आणि त्याच कुळातील विद्येवर बेतलेले एखादे यंत्र विमानतळावर येऊन उभे राहिले की त्याला किती कोटी पडले एवढे विचारून मोकळे होतो. या दोहोंच्या मध्ये जे असते, म्हणजे वर्षानुवर्षांची तपश्चर्या, फसलेले प्रयोग, हाताने घडविलेली सुटी उपकरणे आणि ती घडविणारी माणसे, त्यांकडे आमची दृष्टी वळत नाही. टेराहर्ट्झ लहरींचे प्रतिमांकन आणि त्या लहरी पकडणाऱ्या ग्राहक यंत्रांचे संशोधन हा असाच एक विषय आहे. तो पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. जी लहर उद्या आपल्या अंगावरील वस्त्रांतून आरपार जाऊन आपल्याला न्याहाळू शकते, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार ते वस्त्र नेसणाऱ्यालाही आहे.

टेराहर्ट्झ हा शब्द दचकविणारा आहे. त्यामागील गोष्ट तितकी अवघड नाही. पणजी आकाशवाणीचे एफ. एम. कार्यक्रम ज्या लहरींवरून घरी येतात, त्या सेकंदाला सुमारे १० कोटी वेळा कंप पावतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हीदेखील त्याच कुळातील लहर. परंतु तिची कंपने सेकंदाला सुमारे ५ कोटी कोटी. या दोन टोकांच्या मध्ये, रेडिओच्या लहरी संपतात आणि उष्णतेचे अवरक्त किरण सुरू होतात त्या शिवेवर, जो पट्टा आहे तो टेराहर्ट्झचा. सेकंदाला एक लाख कोटी कंपने म्हणजे एक टेराहर्ट्झ. त्या लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर भरते. साधारणतः ०.१ पासून १० टेराहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यास हे नाव देण्याचा प्रघात आहे.

या लहरींचा स्वभाव मोठा विलक्षण. कापड, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, सुके लाकूड यांतून त्या निघून जातात. धातूवर आपटून परततात. आणि पाणी दिसले की त्यात जिरून जातात. क्ष-किरणांप्रमाणे शरीरातील अणूंची मोडतोड करण्याचे बळ त्यांच्यापाशी नाही, कारण एक टेराहर्ट्झच्या लहरीतील कणाची ऊर्जा रुग्णालयातील क्ष-किरणाच्या कणाहून सुमारे एक कोटी पटीने कमी असते. १९९५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हू आणि नुस या दोघा शास्त्रज्ञांनी या लहरींनी काढलेल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्यांत प्लास्टिकच्या वेष्टनात बंद असलेली इलेक्ट्रॉनिक चकती वेष्टन न फोडता दिसली, आणि झाडाचे एक पान ताजे असताना व दोन दिवस सुकल्यावर त्यातील पाणी कसे कमी झाले तेही दिसले. पानातला ओलावा न कापता, न चुरगळता मोजता येतो, ही शेतीप्रधान देशाने कान टवकारावेत अशी गोष्ट होती.

मग इतका गुणी पट्टा इतकी वर्षे ओसाड का राहिला? शास्त्रज्ञ त्याला 'टेराहर्ट्झची दरी' म्हणत आले. रेडिओच्या बाजूने चढत गेले तर इतक्या वेगाने कंप पावता पावता इलेक्ट्रॉनिक मंडळे थकतात. प्रकाशाच्या बाजूने उतरत आले तर लेसरची युक्ती दुबळी पडते. त्यात खरी कसोटी लहर निर्माण करण्यापेक्षाही ती पकडण्याची. तुमच्याआमच्यासकट प्रत्येक उबदार वस्तू या पट्ट्यात आपोआप लहरी सोडत असते. भिंत सोडते, टेबल सोडते, खुद्द यंत्राचा पत्राही सोडतो. भरल्या जत्रेत दूरच्या माणसाची कुजबूज ऐकावी तसे हे काम. म्हणून उत्तम ग्राहक यंत्राचा गाभा द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवतात. मग त्याचा स्वतःचा कोलाहल शमतो आणि त्याला दुसऱ्याचे ऐकू येऊ लागते.

अशा यंत्राची मूळ युक्ती मात्र आमच्या गायनशाळांतील पोरांनाही समजेल. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, की मंद हेलकावा ऐकू येतो. स्वर वेगाने कंप पावतो, हेलकावा संथ असतो. आणि त्या हेलकाव्यावरूनच जाणता कान तार किती उतरली आहे ते ओळखतो. ग्राहक यंत्रात हेच घडते. आकाशातून आलेल्या अतिवेगवान लहरीशी यंत्रातील जवळपास तितक्याच वेगाची लहर मिसळतात, दोहोंच्या फरकाची संथ लहर काढून घेतात, आणि मग ती साध्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना मोजता येते. हे मिश्रण घडवून आणणारा तुकडा धुळीच्या कणाहूनही लहान असतो. नायोबियम धातूच्या दोन पापुद्र्यांमध्ये काही अणूंच्या जाडीचा निरोधक थर, अशी त्याची एक प्रचलित घडण. हे काम कारखान्यातील घाऊक मालाचे नव्हे, जवाहिऱ्याच्या जातीचे आहे. आणि ते ज्यांना येते ते देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

समुद्रकाठच्या माणसाने यातील आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हवेतील बाष्प या लहरींना गिळते. म्हणून या पट्ट्यात आकाश पाहणारी जगातील सर्वांत मोठी वेधशाळा, ६६ अँटेनांची 'अल्मा', चिली देशातील आटाकामाच्या वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर उभारावी लागली. जेथे माणसाला श्वास घेणे जड जाते, तेथे यंत्राला दिसणे सोपे जाते. याउलट आमच्या कोकण-गोव्याच्या आषाढातील हवेत ही लहर फार दूर पल्ला गाठू शकत नाही. तथापि जी गोष्ट वेधशाळेला अडचणीची, ती अभ्यासकाला संधी ठरू शकते. त्याविषयी पुढे बोलू.

या ग्राहक यंत्रांनी मानवाच्या ज्ञानात काय भर घातली, त्याचे दोनचार दाखले पुरेत. युरोपीय अवकाश संस्थेची हर्शेल वेधशाळा मे २००९ मध्ये अवकाशात गेली आणि एप्रिल २०१३ मध्ये तिच्यातील हेलियम संपल्यावर थांबली. तिच्यावरील ग्राहक यंत्राने हार्टली-२ या धूमकेतूतील पाण्याची जात तपासली. त्या पाण्यातील जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या महासागरांच्या पाण्याशी जुळते, असे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढे रोझेटा यानाला दुसऱ्या एका धूमकेतूवर हे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले, त्यामुळे वाद मिटलेला नाही. परंतु मिरामारच्या किनाऱ्यावर पायांशी येणारे पाणी मुळात कोठून आले, या प्रश्नाचा शोध या लहरींच्या कानाने घेतला जात आहे, हे काय थोडे झाले? एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची जी प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिली, तीही १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी पकडणाऱ्या, पृथ्वीभर विखुरलेल्या ग्राहक यंत्रांची कमाई.

आकाश राहू द्या, जमिनीवरचे पाहा. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले आणि कल्पना चावलासह सात अंतराळवीर प्राणांस मुकले. यानाच्या बाह्य टाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा उड्डाणाच्या वेळी सुटून पंखावर आदळला होता. त्यानंतर त्या आवरणाच्या पोटातील पोकळ्या शोधण्यासाठी नासाने ज्या पद्धती हाती घेतल्या, त्यांत टेराहर्ट्झ प्रतिमांकन होते. २०१६ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. व जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी एकावर एक ठेवलेल्या कागदांपैकी वरच्या नऊ पानांवरील अक्षरे, पाने न उघडता वाचून दाखविली. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते दमट हवेने एकमेकांस चिकटलेले मोडी कागद. १५९५ पासून परंपरा सांगणारे पुराभिलेखागार पणजीत आहे. आणि कोकणातल्या कित्येक घरांच्या माळ्यांवर, देवस्थानांच्या पेट्यांत, उलगडू गेले तर भुगा होईल अशी दप्तरे आहेत. ही विद्या आज त्या दप्तरांना वाचा फोडील असा दावा आम्ही करीत नाही. परंतु ती वाट कोणत्या दिशेला जाते ते दिसू लागले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हे सारे परक्यांचे कर्तृत्व आहे आणि आपल्याला केवळ टाळ्या वाजवावयाच्या आहेत, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. या पट्ट्याच्या उंबरठ्यावर पहिले पाऊल टाकणाऱ्यांत एक भारतीय होता. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास ५ मिलिमीटर इतक्या आखूड लहरी निर्माण केल्या आणि पकडल्याही. म्हणजे सेकंदाला सहा हजार कोटी कंपने. मोठ्या लहरींच्या मागे सारे युरोप धावत असताना हा मनुष्य एका चिंचोळ्या खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने, आखूड लहरींची उपकरणे घडवीत होता. गोऱ्या प्राध्यापकांच्या मानाने कमी दिलेला पगार त्यांनी तीन वर्षे नाकारला आणि काम मात्र चालू ठेवले. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणे दाखविली. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा लहरग्राहक म्हणून उपयोग करणाऱ्या त्यांच्या युक्तीचे अमेरिकन पेटंट १९०१ मध्ये मागितले गेले व १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहकाच्या उपयोगाचे ते जगातील अगदी पहिल्या पेटंटांपैकी एक. पेटंट घेणे हे त्यांच्या वृत्तीत बसत नव्हते. हितचिंतकांच्या आग्रहाने ते घडले.

शंभर वर्षांनी काय झाले? अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेने आपल्या १२ मीटर दुर्बिणीसाठी १.३ मिलिमीटर लहरींचे जे नवे ग्राहक यंत्र बनविले, त्यात बोस यांच्या १८९७ च्या लेखनातील काही कल्पना वापरल्या. अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आय. ई. ई. ई. ने, २०१२ मध्ये बोस यांच्या प्रयोगांस ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळे शेजाऱ्याच्या अंगणात पडावीत आणि आपण बाजारातून पेटी विकत आणावी, असा हा प्रकार. शेजाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने झाडाला पाणी घातले.

आपण काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्यांच्या साहाय्याने एक मीटर व्यासाची अतिअवरक्त दुर्बीण १९८० च्या दशकापासून वातावरणाच्या वरच्या थरांत पाठविली. पुढे जपानी वर्णपटमापक जोडून १.९ टेराहर्ट्झच्या सुमारास आयनीभूत कार्बनच्या खुणा शोधल्या. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने त्याच दशकात १०.४ मीटर व्यासाची मिलिमीटर लहरींची दुर्बीण उभारली. आणि पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण आपल्याच शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी उभी केली. तिची तबकडी पत्र्याची नाही. ताणलेल्या तारांची जाळी आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळी पुरते, म्हणून खर्च आटोक्यात राहिला. गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे जे पुरावे जून २०२३ मध्ये जगापुढे आले, त्यांत या खोडदच्या दुर्बिणीच्या निरीक्षणांचा वाटा होता. लांब लहरींत आपण जगाच्या पंक्तीला बसलो ते असे, स्वतःच्या हाताने रांधून.

आखूड लहरींना मात्र जाळी चालत नाही. तेथे आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग आणि बर्फाहून कितीतरी थंड गाभा लागतो. तेथे आपली कामे झाली ती सुट्या बेटांसारखी. एक द्रष्टा उभा राहिला की बेट हिरवे होते. तो निवृत्त झाला की ओहोटी लागते. परंपरा म्हणतात ती यातून निर्माण होत नाही. संशोधन आणि विकास यांवरील आपला खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. मोठ्या सभांतून विज्ञानाचा जयजयकार करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

कोणी विचारील, यंत्र विकत मिळत असताना घरी घडविण्याचा हा हट्ट कशासाठी? यास आमचे उत्तर विमानतळाच्या तपासणी दारापाशी सापडेल. २५ डिसेंबर २००९ रोजी एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात स्फोटके लपवून ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणारे विमान उडविण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर अमेरिकेत अंगतपासणीच्या यंत्रांचे पेव फुटले. ती दोन प्रकारची होती. एक क्ष-किरणांची, दुसरी मिलिमीटर लहरींची, म्हणजे टेराहर्ट्झच्या खालच्या शेजारघरातली. पहारेकऱ्याच्या पडद्यावर प्रवाशाचा देह जवळजवळ विवस्त्र उमटे. लोक खवळले, न्यायालयात गेले, प्रतिनिधीगृहात प्रश्न उठले. अखेर २०१२ मध्ये कायद्याने बंधन आले की देह दिसता कामा नये, केवळ एक सर्वसाधारण आकृती दिसावी आणि संशयाच्या जागी खूण उमटावी. मिलिमीटर लहरींच्या यंत्रांत तशी सुधारणा झाली; क्ष-किरणांच्या यंत्रांत ती वेळेत जमली नाही, म्हणून २०१३ मध्ये ती विमानतळांवरून उचलावी लागली.

या हकिगतीतील बोध नीट पाहावा. लहर तीच राहिली, यंत्रही तेच राहिले; बदलले ते आतील गणित. प्रतिमेचे काय करावयाचे, ती साठवावी की पुसावी, माणूस दाखवावा की बाहुली, हे लहर ठरवीत नाही. ग्राहक यंत्र घडविणारा ठरवितो, आणि त्याच्याकडून जाब घेण्याची ताकद असलेला समाज त्याला ते बदलावयास लावतो. ज्याला यंत्राचे पोट उघडता येत नाही, त्याला विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवण्याखेरीज गत्यंतर नसते. आपल्याकडेही विमान सुरक्षेच्या यंत्रणेने २०१९ मध्ये अशी यंत्रे बसविण्याचे आदेश काढले. आखातात नोकरीस जाणारा तरुण, बोटीवरचा खलाशी, लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघालेली आजी, सारी याच दारातून जाणार. त्या आजीच्या लुगड्याआड यंत्राने काय पाहिले आणि काय विसरले, हे आपल्यातील कोणी तज्ज्ञ आतून तपासून सांगू शकेल काय? आम्हांला हा प्रश्न यंत्राच्या किमतीहून महत्त्वाचा वाटतो.

आणि दार तरी दिसते. तेथे पाटी असते, रांग असते, आपण तपासले जात आहोत हे ठाऊक असते. यापुढची पायरी अशी की शरीरातून आपोआप निघणाऱ्या टेराहर्ट्झ लहरीच दुरून टिपावयाच्या. मध्ये पिस्तूल वा स्फोटकांचा पट्टा असेल तर तेवढ्या जागी काळा डाग दिसतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०१३ मध्ये असे यंत्र चाचणीस घेतल्याचे जाहीर केले. लॉस एंजलिसच्या मेट्रोने २०१८ मध्ये प्रवाशांना न थांबविता पाहणारी यंत्रे आणण्याची घोषणा केली. ही यंत्रे स्वतः काहीच सोडत नाहीत, नुसती ऐकतात. त्यामुळे शरीरास अपाय नाही. पण झडती झाल्याचे ज्याची झडती झाली त्यालाच कळत नाही, असा प्रसंग इतिहासात प्रथमच येत आहे. १९६१ पर्यंत ज्या भूमीत वर्तमानपत्राची ओळ न् ओळ सेन्सॉरच्या नजरेखालून जाई आणि सरहद्दीवर गाठोड्यापासून खिशापर्यंत सारे उलटेपालटे होई, त्या भूमीला 'कोण पाहतो, कोणाच्या हुकमाने पाहतो' हा प्रश्न नव्याने शिकवावा लागू नये. त्या काळच्या झडतीत निदान झडती घेणाऱ्याचा चेहरा दिसत होता.

यावर सुरक्षेचा मुद्दा पुढे येईल, आणि तो खोटा नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गेच मृत्यू मुंबईत उतरला होता. किनाऱ्यावरच्या माणसाला पहाऱ्याचे मोल सांगावयास नको. गर्दीच्या जत्रेत, रेल्वे फलाटावर, बंदरावर शस्त्र दुरून ओळखता आले तर निरपराधांचे प्राण वाचतील. अंगाला हात लावून केलेल्या झडतीपेक्षा बाहुलीच्या आकृतीवर खूण दाखविणारे यंत्र कित्येक स्त्रियांना अधिक सभ्य वाटेल, हेही आम्ही मान्य करतो. यंत्र नको असे आमचे म्हणणेच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्वाळा दिला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मात्र सुरक्षेच्या कारणास्तव शासनाच्या यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. हक्क दिला आणि खिडकी उघडी ठेवली. त्या खिडकीतून टेराहर्ट्झचा डोळा आत डोकावण्यापूर्वीच त्याचे नियम ठरविणे शहाणपणाचे नव्हे काय?

केंद्र सरकारला या पट्ट्याची जाग आलीच नाही असे नाही. २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत २७५ ते ४५० गिगाहर्ट्झ या टापूतील एकूण १३७ गिगाहर्ट्झचा पट्टा दळणवळणासाठी निश्चित झाला. म्हणजे मोबाइल सेवेची पुढची पिढी टेराहर्ट्झच्या अंगणात येऊ पाहत आहे. मार्च २०२३ मध्ये सहाव्या पिढीचा आराखडा दिल्लीत प्रसिद्ध झाला. टेराहर्ट्झच्या चाचणीमंचासाठी दूरसंचार खात्याने निधी दिला असून, ज्या संस्थांचा त्यात सहभाग आहे त्यांत पवईची 'समीर' ही संस्था आहे. २०२३ च्याच कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची भाषा झाली. त्यातील मोठा वाटा सरकारच्या बाहेरून यावयाचा आहे. आराखडे आम्ही पुष्कळ पाहिले. बोलाचीच कढी बोलाचाच भात होऊ नये, एवढीच आमची अपेक्षा.

यास्तव आमच्या काही सूचना आहेत. पहिली, ग्राहक यंत्राच्या गाभ्यातील तुकडे, म्हणजे मिश्रक, संवेदक आणि शीतयंत्रे, देशात घडविण्याचे काम एकदोन प्रयोगशाळांकडे किमान वीस वर्षांसाठी सोपवावे. तीन वर्षांच्या अनुदानावर जवाहीर घडत नाही. दुसरी, हान्लेसारख्या लडाखमधील सुमारे ४,५०० मीटर उंचीच्या कोरड्या स्थळाचा उपयोग आखूड लहरींच्या दुर्बिणीसाठी करावा. तिसरी, सार्वजनिक जागी बसणारे प्रत्येक देहदर्शी यंत्र स्वतंत्र शास्त्रज्ञांनी उघडून तपासावे. प्रतिमा साठविली जात नाही हे विक्रेत्याच्या शब्दावर न मानता सिद्ध करून घ्यावे, आणि तो अहवाल लोकांपुढे ठेवावा. दुरून टिपणारे यंत्र पाटी लावल्याशिवाय आणि अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय वापरू नये.

चौथी सूचना आमच्या घरची आहे. गोवा विद्यापीठ, एन. आय. टी. आणि आय. आय. टी. या तीन संस्था या चिमुकल्या राज्यात आहेत. दमट हवा आणि कोसळता पाऊस यांतून टेराहर्ट्झ लहर किती पोचते, कोठे मरते, हे मोजण्यास जूनपासून सप्टेंबरपर्यंत यासारखी जागा नाही. आटाकामाला जे मिळत नाही ते आमच्या दारात फुकट पडते. पुढच्या पिढीच्या दळणवळणाला हे आकडे लागणारच. मान्सूनच्या प्रदेशात ते मोजले नाहीत तर कोरड्या देशांचे आकडे आपल्या माथी येतील. विद्यापीठाच्या गच्चीवर एक प्रेषक, समोरच्या इमारतीवर एक ग्राहक, आणि मध्ये आमचा पाऊस, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पुराभिलेखागाराने चिकटलेली दोनचार मोडी दप्तरे अभ्यासासाठी पुढे केली, तर इतिहास आणि पदार्थविज्ञान यांची गाठ येथेच पडेल.

रिसीव्हरला मराठीत ग्राहक म्हणण्याचा प्रघात आहे, आणि बाजारातील गिऱ्हाइकालाही आपण ग्राहकच म्हणतो. शब्द एक असला तरी या दोन ग्राहकांच्या योग्यतेत अंतर फार. एक कान देऊन, स्वतःचा कोलाहल शमवून, दुरून आलेले ग्रहण करतो; दुसरा पैसे मोजून दुकानदार देईल ते घरी नेतो. पारतंत्र्यात, अपुऱ्या साधनांनिशी, कलकत्त्याच्या एका खोलीत बसून जगदीशचंद्र पहिल्या प्रकारचे ग्राहक होऊ शकले. स्वतंत्र देशाने दुसऱ्या प्रकारचे होण्यात समाधान मानावे, यासारखी नामुष्की नाही.